‘द डिसायपल’ : व्यक्तिरेखेचे बळ आणि मर्यादा

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटास २०२० साली व्हेनिस महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. शरद नेरुळकर हा शास्त्रीय गायनाचा निष्ठावान साधक. परंतु निष्ठा म्हणजे प्रतिभा नव्हे, हे उमगण्यात त्याची वर्षे जातात. खलनायकाविना रंगविलेले हे अपयश चित्रपटाचे मोठे बलस्थान होय. आदित्य मोडक स्वतः गायक असल्याने शरदचे मैफलीतील अवघडलेपण खरे वाटते. तथापि आई, आजी, पत्नी या व्यक्तिरेखा त्याच्या सावलीतच राहतात. त्याच्या ध्यासाची झळ त्यांना किती बसली, हे पुरेसे कळत नाही. फ्यूजन बँडमध्ये गाऊ इच्छिणाऱ्या शिष्याला मात्र शरद तोडून बोलतो. स्वतःची निराशा विद्यार्थ्यावर काढणारा हा गुरू आपण अध्यापकांनी अवश्य पाहावा.