धुतलेलं मीठ

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ बरेच जण त्यांच्या नवऱ्याच्या, रेव्हरंड टिळकांच्या विक्षिप्तपणासाठी वाचतात आणि पोटभर हसतात. माझं मन मात्र टिळक यायच्या आधीच्या पानांत रमतं. लक्ष्मीबाईंच्या माहेरी, जलालपुरात, त्यांच्या वडिलांच्या, नाना गोखल्यांच्या सोवळ्यापाशी.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868चा. त्यांच्या आईच्या वडिलांना सत्तावनच्या बंडात फाशी झाली होती. म्हणजे ही गोष्ट त्यांनी पाहिलेली नाही. घरातल्यांच्या तोंडून आलेली आहे. त्या फाशीच्या धसक्यानं नानांच्या डोक्यात सोवळं शिरलं ते कायमचं. बाजारातून आलेलं सगळं धुऊन घ्यायचं, अगदी मीठसुद्धा! आता मीठ धुतल्यावर हातात उरतं काय? पण नानांना हे विचारणार कोण?

दुसऱ्या कुणी इथं बापावर आरोपपत्र ठेवलं असतं, नाहीतर डोळ्यांना पदर लावला असता. लक्ष्मीबाई वाती वळत बसलेल्या आजीसारख्या सांगत जातात. वाक्यं आखूड, क्रियापदं ठसठशीत, विशेषणं मोजकीच. त्या घरातल्या बायकापोरांचे हाल आपल्याला कळतात ते हसून झाल्यावर, आणि मग आपल्याच हसण्याची लाज वाटते. हे कसब शाळेतलं नव्हे. शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती.

टिळक 1895मध्ये ख्रिस्ती झाले. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे, नगरला आल्या, तरी त्यांचं सोवळं त्यांच्याबरोबरच आलं. मग राहुरीला जाताना वाटेवर एक विचार त्यांच्या मनात येतो: जाती देवानं केल्या की माणसानं? माणसानंच, असं त्या ठरवतात आणि कुणाच्याही हातचं खायला-प्यायला मोकळ्या होतात. एवढी मोठी उलथापालथ, पण त्या आवाज चढवत नाहीत. भाजीचा भाव सांगावा तितक्या साधेपणानं सांगून पुढच्या गोष्टीकडे वळतात.

हा प्रसंग नानांच्या मिठाशेजारी ठेवून वाचावा. पाणी तेच. बापानं त्या पाण्यानं उभा बाजार धुऊन काढला. लेक ते आता कुणाच्याही भांड्यातून प्यायला तयार आहे. मध्ये कितीतरी पानं गेली आहेत आणि लक्ष्मीबाई हा धागा कुठंही जोडून दाखवत नाहीत. जोडला असता तर नानांची खोड म्हणजे केवळ लेकीच्या प्रगतीचा दाखला झाली असती. इथं नाना शेवटपर्यंत नानाच राहतात, तऱ्हेवाईक आणि आपले.

1900 साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. चरित्रकारांना ते साल महत्त्वाचं वाटणारच. राहुरीची वाट वाचून झाल्यावर मला मात्र तो उरलासुरला कागदी सोपस्कार वाटतो.