पायाभूत वर्षाचा पाया : इंग्लंडमधील विधी व गुन्हेगारीशास्त्र पदवी अभ्यासक्रमाची चिकित्सा

प्रस्तावना :

इंग्लंडमधील अनेक विद्यापीठांतून विधी आणि गुन्हेगारीशास्त्र या दोन विषयांची संयुक्त पदवी दिली जाते. ही पदवी सामान्यतः तीन वर्षांची असते. तथापि ज्यांना 'ए लेव्हल' परीक्षेत अपेक्षित गुण मिळालेले नाहीत, ज्यांचे शिक्षण मध्येच खंडित झाले, किंवा जे नोकरी-संसार सांभाळून प्रौढ वयात पुन्हा शिक्षणाकडे वळले आहेत, अशांसाठी तिच्या आरंभी एक 'पायाभूत वर्ष' जोडले जाते व पदवी चार वर्षांची होते. पात्रतेच्या श्रेणीत हे वर्ष तिसऱ्या स्तरावर, म्हणजे शालेय शिक्षणाच्या अखेरच्या पायरीवर येते, तर पदवीची पुढील तीन वर्षे चौथ्या ते सहाव्या स्तरावर येतात. या वर्षाचे गुण पदवीच्या अंतिम श्रेणीत सामान्यतः धरले जात नाहीत. मात्र ते उत्तीर्ण झाल्याखेरीज पुढील दार उघडत नाही.

वंचितांना उच्च शिक्षणाच्या प्रवाहात आणणे हा या व्यवस्थेचा घोषित हेतू आहे आणि तो स्वागतार्हच आहे. परंतु 'पाया' कशाचा घातला जातो आणि त्याचा खर्च कोण सोसतो, हे दोन प्रश्न या हेतूच्या आड झाकले जातात. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने या अभ्यासक्रमाची चिकित्सा केली आहे.

दोन विषय, दोन परंपरा :

विधी आणि गुन्हेगारीशास्त्र हे शेजारी वाटणारे विषय प्रत्यक्षात वेगवेगळ्या घरांत वाढलेले आहेत. इंग्लंडमध्ये वकिली हा दीर्घकाळ विद्यापीठाचा विषय नव्हताच. तो उमेदवारी करून शिकण्याचा व्यवसाय होता. ऑक्सफर्ड येथे १७५८ मध्ये विल्यम ब्लॅकस्टोन यांची व्हायनेरियन प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली आणि इंग्लंडच्या प्रचलित कायद्याला विद्यापीठात अधिकृत स्थान मिळाले. तरीही वकिली व्यवसाय प्रामुख्याने पदवीधरांचा असावा, ही भूमिका ऑर्मरॉड समितीच्या १९७१ च्या अहवालानंतरच दृढ झाली.

गुन्हेगारीशास्त्राची कथा निराळी आहे. इंग्लंडमध्ये हे शास्त्र विद्यापीठात रुजवले ते प्रामुख्याने युरोपातून आलेल्या विद्वानांनी. हर्मन मॅनहाइम यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, मॅक्स ग्रुनहुट यांनी ऑक्सफर्डमध्ये आणि लिऑन रॅडझिनोविच यांनी केंब्रिजमध्ये त्याची मुहूर्तमेढ केली. केंब्रिजची गुन्हेगारीशास्त्र संस्था १९५९ मध्ये विधी विद्याशाखेच्या छत्राखालीच स्थापन झाली. परंतु १९६८ मध्ये यॉर्क येथे सुरू झालेल्या 'नॅशनल डेव्हियन्सी कॉन्फरन्स'ने या शास्त्राचे तोंड समाजशास्त्राकडे वळवले. गुन्हा कोण करतो, या प्रश्नाच्या जोडीला एखादे कृत्य गुन्हा ठरते कसे, ते कोण ठरवतो आणि त्या ठरवण्याचा लाभ कोणाला होतो, हे प्रश्न पुढे आले.

म्हणजेच विधीचा विद्यार्थी कायद्याच्या चौकटीत उभा राहून विचार करतो, तर गुन्हेगारीशास्त्राचा विद्यार्थी त्या चौकटीकडेच बोट दाखवतो. संयुक्त पदवीचे खरे मोल या तणावात आहे. हा तणाव जर अभ्यासक्रमात उतरला नाही, तर संयुक्त पदवी म्हणजे एका दप्तरात कोंबलेली दोन पुस्तके एवढाच तिचा अर्थ उरतो.

पायाभूत वर्षाचा विस्तार आणि त्याचे अर्थकारण :

इंग्लंडमध्ये पायाभूत वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांची संख्या २०११-१२ मध्ये सुमारे ८,५०० होती. ती २०२१-२२ मध्ये सुमारे ६९,००० झाली. ही वाढ केवळ सामाजिक न्यायाच्या प्रेरणेने झाली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. व्याख्यान आणि ग्रंथालय यांवर चालणारे विषय विद्यापीठांना तुलनेने स्वस्तात शिकवता येतात. प्रयोगशाळा लागत नाही आणि शुल्क मात्र पदवीच्या वर्षाइतकेच आकारता येत होते. २०१७-१८ पासून ही कमाल मर्यादा ९,२५० पौंड होती. फिलिप ऑगर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मे २०१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात याच विसंगतीवर बोट ठेवले आणि पदवीला जोडलेल्या पायाभूत वर्षासाठी शासकीय कर्ज देऊ नये अशी शिफारस केली. शासनाने ती जशीच्या तशी स्वीकारली नाही. मात्र वर्गकेंद्री विषयांच्या पायाभूत वर्षासाठी २०२५-२६ पासून शुल्काची कमाल मर्यादा ५,७६० पौंड ठरवली. विधी व समाजशास्त्रीय विषय याच गटात मोडतात.

शुल्क घटले तरी मूळ प्रश्न सुटत नाही. ऑगस्ट २०२३ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांसाठी इंग्लंडमधील विद्यार्थ्यांच्या कर्जाची परतफेड ४० वर्षांपर्यंत चालू राहू शकते. ज्या विद्यार्थ्याची शाळा दुबळी होती, त्याच्याच माथी एका अधिक वर्षाचे शुल्क व निर्वाहाचे कर्ज येते. शाळेने जे द्यायला हवे होते, त्याची किंमत विद्यार्थी स्वतः दुसऱ्यांदा चुकवतो. याला पर्यायही अस्तित्वात आहे. १९७८ पासून विकसित होत गेलेले 'अ‍ॅक्सेस' अभ्यासक्रम स्थानिक महाविद्यालयांत चालतात. त्यांच्यासाठी घेतलेले विशेष कर्ज पुढे पदवी पूर्ण केल्यास माफ होते. केंब्रिजने २०२२ मध्ये व ऑक्सफर्डने २०२३ मध्ये सुरू केलेल्या पायाभूत वर्षांत तर विद्यार्थ्यांकडून शुल्कच घेतले जात नाही. ऑक्सफर्डच्या योजनेत विधी विषयाचाही समावेश आहे. परंतु या जागा मोजक्याच आहेत. देणग्यांनी समृद्ध असलेल्या संस्था थोड्यांना विनामूल्य संधी देतात आणि उरलेले बहुसंख्य कर्ज काढून तीच संधी विकत घेतात, हे चित्र समतेच्या घोषणेशी जुळणारे नाही.

याउलट एक मुद्दा प्रामाणिकपणे मान्य करावा लागतो. 'अ‍ॅक्सेस' अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला पुन्हा प्रवेशाची स्पर्धा करावी लागते. पायाभूत वर्षाचा विद्यार्थी मात्र पहिल्या दिवसापासून विद्यापीठाचा असतो. ग्रंथालय, अध्यापक व सहाध्यायी यांचा सहवास त्याला वर्षभर आधी लाभतो. वारंवार नाकारल्या गेलेल्या व्यक्तीला या आपलेपणाचे मोल मोठे असते. म्हणून हे वर्ष रद्द करणे हा उपाय नव्हे. ते अर्थपूर्ण करणे हा उपाय आहे.

अभ्यासक्रमाची चिकित्सा :

पायाभूत वर्षाच्या रचनेत बहुधा निबंधलेखन, संदर्भ देण्याची पद्धती, सादरीकरण, वेळेचे नियोजन अशा 'अभ्यासकौशल्यां'ना मोठे स्थान असते आणि विषयाचा परिचय जुजबी राहतो. अनेक ठिकाणी व्यवस्थापन, मानसशास्त्र व विधी यांच्या विद्यार्थ्यांसाठी काही घटक सामाईकच असतात. या रचनेमागे एक गृहीतक दडलेले आहे. विद्यार्थ्यात उणीव आहे, ती आधी भरून काढावी आणि मग त्याला विषयाच्या गाभाऱ्यात न्यावे, असे ते गृहीतक होय. परंतु कौशल्य विषयाबाहेर शिकता येत नाही. न्यायनिर्णय वाचता वाचताच न्यायनिर्णय वाचण्याचे कौशल्य येते.

पुढील तीन वर्षांत ही उणीव भरून निघेल असेही नाही. वकिली व्यवसायासाठी परंपरेने आवश्यक मानलेले संविदा, अपकृत्य, फौजदारी कायदा, सार्वजनिक कायदा, स्थावर मालमत्ता, समन्याय व न्यास आणि युरोपीय संघाचा कायदा हे सात विषय विधीच्या बाजूची बहुतेक जागा व्यापतात. त्यातच १ सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी नवी पात्रता परीक्षा सुरू झाली असून, तिच्यासाठी विधीचीच पदवी असणे बंधनकारक नाही. कोणत्याही विषयाची पदवी वा समकक्ष पात्रता आणि दोन वर्षांचा कार्यानुभव चालतो. बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्यास मात्र विधीची पदवी किंवा तिच्याऐवजी रूपांतर अभ्यासक्रम लागतो. अशा स्थितीत चार वर्षे व त्यांचे कर्ज यांचे समर्थन केवळ व्यवसायप्रवेशाच्या आश्वासनावर करता येणार नाही. शिक्षणाचे मोल विचारशक्तीत दाखवावे लागेल.

ते कसे दाखवता येईल, याचे उदाहरण म्हणून १८८४ चा डडली व स्टीफन्स खटला घेता येईल. 'मिन्योनेट' ही नौका दक्षिण अटलांटिक महासागरात बुडाली. लहानशा होडीत अडकलेल्या चौघांपैकी रिचर्ड पार्कर या सतरा वर्षांच्या मुलाला दोघांनी ठार केले आणि त्याच्या मांसावर उरलेले तिघे जगले. आत्यंतिक गरज ही हत्येची सबब होऊ शकत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. मृत्युदंड सुनावला गेला. पण पुढे तो सहा महिन्यांच्या कारावासावर आला. विधीचा विद्यार्थी येथे 'गरज' या बचावाची मर्यादा शिकतो. गुन्हेगारीशास्त्राचा विद्यार्थी विचारतो की, खलाशांच्या जुन्या रूढीला जे क्षम्य वाटत होते ते शासनाला याच वेळी दंडनीय का वाटले, आणि लोकांची सहानुभूती आरोपींकडे का होती? या एका खटल्यावर पायाभूत वर्षाचा एक महिना खर्च केला, तर वाचन, युक्तिवाद आणि लेखन ही तिन्ही कौशल्ये वेगळी शिकवावी लागणार नाहीत.

वसाहतीचा विसरलेला धडा :

इंग्लंडच्या गुन्हेगारीशास्त्राचा इतिहास १९५९ पासून सांगितला, तर त्याचा एक महत्त्वाचा अध्याय गळून पडतो. ब्रिटिश शासनाने भारतात १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढून मुंबई इलाख्यातील जमातीही त्याच्या कक्षेत आल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीची स्मृती महाराष्ट्रात आजही आहे. या कायद्यात कृत्यापूर्वीच कर्ता गुन्हेगार ठरत होता; जन्म हाच पुरावा होता. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण कलंक पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ मधील 'उचल्या' या आत्मकथनातून त्याची दाहकता मराठी वाचकांपर्यंत पोहोचली. बोटांच्या ठशांच्या शास्त्राचा प्रवासही असाच आहे. कलकत्त्यात १८९७ मध्ये ठसे विभाग सुरू झाला. अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांच्या कामावर आधारलेली पद्धती एडवर्ड हेन्री यांच्या नावाने १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डात पोहोचली.

'कायदा गुन्हा शोधतो की घडवतो?' या प्रश्नाचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. इंग्लंडमधील पायाभूत वर्षाच्या वर्गात स्थलांतरित कुटुंबांतील मुलेही बसतात. त्यांच्या दृष्टीने हा धडा परका इतिहास नसून विषयात प्रवेश करण्याची हक्काची वाट ठरू शकतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

या चर्चेचा येथील अध्यापकांशीही संबंध आहे. मुंबई विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात पहिली दोन वर्षे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, तर्कशास्त्र यांसारख्या विषयांना दिलेली आहेत. कायद्याचा पाया समाजज्ञानात असतो, ही त्यामागील कल्पना इंग्लंडच्या कौशल्यकेंद्री पायाभूत वर्षापेक्षा निःसंशय सखोल आहे. परंतु हे विषय पुढील कायद्याशी न जोडता सुटे सुटे शिकवले गेले, तर 'वकिलीपूर्व' वर्षे उरकण्याची बाब होतात. म्हणजे दोष दोन्हीकडे एकच आहे. पाया आणि इमारत यांचे आराखडे वेगवेगळ्या हातांनी काढले जातात.

शिवाय इंग्लंडमध्ये विधीची पदवी घेऊन परतणाऱ्या भारतीय नागरिकास येथे वकिली करण्यासाठी त्या पदवीला अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये भारतीय विधिज्ञ परिषदेची मान्यता असावी लागते व पात्रता परीक्षाही द्यावी लागते. बारावीनंतर अशा अभ्यासक्रमाचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयानेच ही बाब वेळीच सांगणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

१. पायाभूत वर्षाची संकल्पना न्याय्य आहे. परंतु तिचा आर्थिक भार ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्यावरच टाकणे न्याय्य नाही.

२. विषयविरहित कौशल्यांचे शिक्षण हा पाया होऊ शकत नाही. खटले, कायदे व त्यांचे सामाजिक परिणाम यांच्या वाचनातूनच कौशल्ये विकसित व्हावीत.

३. विधी व गुन्हेगारीशास्त्र यांच्यातील तणाव पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यासमोर ठेवला पाहिजे. तोच संयुक्त पदवीचा खरा गाभा होय.

४. वसाहतकालीन कायद्यांचा अभ्यास हा या विषयाच्या इतिहासाचा अविभाज्य भाग मानला जावा.

उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला वर्गात जागा देणे ही समतेची पहिली पायरी आहे. त्याला सोपे करून दिलेले ज्ञान न देता मूळ प्रश्नच हाती देणे ही दुसरी पायरी होय. पहिली पायरी इंग्लंडच्या विद्यापीठांनी, कर्जाच्या का होईना, आधारे ओलांडली आहे. दुसरी अद्याप शिल्लक आहे, आणि ती ओलांडण्यासाठी पैशांपेक्षा अध्यापकांच्या विश्वासाची गरज अधिक आहे.