भंडाऱ्याची राख : रस्त्यावरच्या वादकांची कृष्णधवल आणि रंगीत व्यक्तिचित्रे

रस्त्यावर गाऊन-वाजवून पोट भरणाऱ्या माणसाचे छायाचित्र कृष्णधवल असावे की रंगीत, हा वाद छायाचित्रकारांमध्ये जुना आहे. कृष्णधवलचे पुरस्कर्ते म्हणतात, रंगाने नजर भरकटते. तो काढून टाकला की चेहरा, बोटे आणि सुरकुत्या उरतात, आणि व्यक्तिचित्राला तेवढे पुरे असते. रंगाचे पुरस्कर्ते विचारतात, डोळ्यांना जग रंगीत दिसत असताना ते करडे का दाखवायचे? दोन्ही पक्ष हा प्रश्न छायाचित्रकाराच्या आवडीनिवडीचा मानतात. ज्याचे चित्र घेतले, त्याच्या लेखी त्याच्या अंगावरचा रंग काय आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात हा वाद त्या बाजूने तपासायचा आहे.

युरोपचा वारसा

रस्त्यावरच्या वादकाची कृष्णधवल प्रतिमा आपल्या मनात रुजली ती मुख्यतः युरोपीय छायाचित्रांतून. यूजीन आत्जे याने १८९८-९९ च्या सुमारास पॅरिसमध्ये हातऑर्गन वाजवणारा एक दाढीवाला वादक आणि त्याच्यासोबत गाणारी तरुणी यांचे छायाचित्र घेतले. वादक गंभीर आहे. गाणारी मात्र मान वर करून मोकळेपणाने हसते आहे. आंद्रे केर्तेशने १९२१ मध्ये हंगेरीतल्या अबोनी गावात एक अंध व्हायोलिनवादक टिपला. मातीचा रस्ता, वादकासोबत एक मुलगा, मागे एक लहानगे मूल. रोलाँ बार्थने १९८० च्या 'कॅमेरा ल्युसिडा' या पुस्तकात या चित्राविषयी लिहिताना व्हायोलिनपेक्षा त्या मातीच्या रस्त्याबद्दलच आपली ओढ सांगितली आहे. रोबेर द्वानोने १९५१ मध्ये पॅरिसच्या मूफ्तार रस्त्यावर एका अकॉर्डियनवादकाचे चित्र घेतले. त्यात आजूबाजूची माणसेही वादकाइतकीच बोलतात.

या तिन्ही चित्रांत दोन गोष्टी समान आहेत. एक, वादकाचे कपडे गडद आणि वापरून जुने झालेले आहेत. त्यांच्या रंगावरून तो कोणत्या परंपरेचा, कोणत्या देवाचा, हे ठरत नाही. त्यामुळे रंग गेल्याने फारसे काही हरवत नाही. दोन, वादक एकटा नाही. गाणे कोणासोबत आणि कोणासाठी चालले आहे, हे चौकटीतच दिसते. नंतरच्या अनुकरणात सुरकुत्या राहिल्या, फिल्मचा खरखरीतपणा राहिला. सोबतीची माणसे आणि रस्ता मात्र कापला गेला. एकटा, वृद्ध, करडा चेहरा हा साचा तयार झाला आणि तोच आपल्याकडच्या प्रदर्शनांत व स्पर्धांत 'दर्जेदार' ठरू लागला.

करड्या छटेत काय हरवते

आता हाच साचा महाराष्ट्रातल्या वादकांवर चढवून पाहू. वाघ्या-मुरळी खंडोबाचे, त्यांची ओळख कपाळावरचा आणि पिशवीतला पिवळा भंडारा, हातातली दिमडी आणि तुणतुणे. गोंधळी देवीचे, कवड्यांच्या माळा, हळदी-कुंकू, संबळ आणि दिवटी. वासुदेव कृष्णाच्या नावाने येतो. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, हातात टाळ-चिपळ्या. दारात आलेल्या माणसाचा रंग पाहूनच घरातल्या बाईला कळते, की आता कोणते गाणे ऐकायचे आणि सुपात काय घालायचे. हा रंग वादकाचे ओळखपत्र आहे आणि गाण्याचा पहिला शब्दही.

रंगीत चित्र कृष्णधवल करण्याच्या एका रूढ सूत्रात लाल रंगाला सुमारे ३० टक्के, हिरव्याला ५९ टक्के आणि निळ्याला ११ टक्के वजन दिलेले असते. हळदीच्या पिवळ्यात लाल आणि हिरवा हे दोन्ही घटक भरपूर आणि निळा अगदी थोडा. हिशेब केला तर उजळ करडी छटा मिळते. म्हणजे वाघ्याच्या कपाळावरचा भंडारा कृष्णधवल चित्रात राखेसारखा दिसतो. खंडोबाचा उपासक पाहता पाहता भस्म लावलेला बैरागी होतो. चित्राखाली नाव नसेल तर परक्या प्रेक्षकाला फरक कळायला काही मार्ग उरत नाही.

कुंकवाची गत आणखी चमत्कारिक आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यांच्यावर कुंकू काळे उमटते. पुढे आलेल्या पँक्रोमॅटिक फिल्मवर तेच कुंकू मध्यम करडे होते. भिंगापुढे लाल फिल्टर लावला, तर ते उजळून कातडीत मिसळून जाते. एकाच कपाळावरचा एकच टिळा छायाचित्रकाराच्या साहित्यानुसार काळा, करडा किंवा अदृश्य होऊ शकतो. तेव्हा कृष्णधवल चित्र 'भेसळ नसलेले' असते, हा दावा टिकत नाही. प्रत्येक रंगाचे कशात रूपांतर करायचे याचा निर्णय त्यात कोणीतरी घेतलेला असतो.

न्यायाने हेही नोंदवले पाहिजे, की आपल्याकडची अनेक चित्रे कृष्णधवल झाली त्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा अडचण मोठी होती. गोंधळ रात्री, दिवटीच्या उजेडात होतो. कोडाक्रोमसारखी रंगीत फिल्म ६४ एएसएची. कृष्णधवल ट्राय-एक्स ४०० एएसएची, म्हणजे सहा पटींहून अधिक संवेदनशील. शिवाय कृष्णधवल फिल्म घरच्या अंधाऱ्या खोलीतही धुता येई. कोडाक्रोमच्या किचकट प्रक्रियेला खास प्रयोगशाळाच लागे. हा खर्च जिल्ह्याच्या गावातल्या छायाचित्रकाराला परवडणारा नव्हता. त्या काळच्या कृष्णधवल चित्रांना दोष देण्यात अर्थ नाही. आज मात्र हातातल्या फोनमध्ये रंग आपोआप येतो आणि तो नंतर मुद्दाम काढला जातो. आजचा कृष्णधवल हा निवडलेला आहे, म्हणून त्याचा जाब विचारता येतो.

रघुवीर सिंह यांचा दावा

रंगाच्या बाजूने भारतात सर्वांत ठाम मांडणी केली ती रघुवीर सिंह (१९४२-१९९९) यांनी. तरुणपणी, १९६६ मध्ये, जयपुरात त्यांनी कार्तिए-ब्रेसाँला काम करताना पाहिले. त्याची चौकट बांधण्याची शिस्त घेतली, पण त्याचा कृष्णधवल नाकारला. १९९८ च्या 'रिव्हर ऑफ कलर' या ग्रंथातल्या निबंधात ते काळ्या रंगाचा संबंध पाश्चात्त्य मनातल्या अपराधभावाशी आणि मृत्यूशी जोडतात. भारतीय मन पुनर्जन्माच्या चक्रात वावरते आणि रंग हा त्याचा आतला स्रोत आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हा सिद्धान्त मोठा आहे, पण त्यात एक गफलत आहे. 'भारतीय मन' असे एकच मन धरले, की रंगाचा अर्थ सगळीकडे सारखाच उत्सवी होऊन बसतो. पोतराजाचे उदाहरण घ्या. कमरेला रंगीबेरंगी चिंध्यांचा घागरा, कपाळावर हळदी-कुंकू, पायांत घुंगरू, हातात आसूड आणि सोबत मरीआईचे देऊळ डोक्यावर घेतलेली, ढोलके वाजवणारी बाई. रंगीत छायाचित्राला याहून देखणा विषय कोणता? पण ही प्रथा दलित जातींवर लादली गेली, आणि ती सोडून द्या, असे आंबेडकरी चळवळीने आपल्या माणसांना सांगितले. त्या घागऱ्याच्या रंगांत सोडलेले शिक्षण आणि पाठीवरचे वळ दडलेले आहेत. येथे रंग नुसता खुलवला, तर चित्र प्रथेची जाहिरात होते. आणि रंग काढून नुसते वळ दाखवले, तर तो माणूस केवळ दयेचा विषय होतो. त्याची तालाची जाण, त्याचे कसब कोणाला दिसत नाही.

रंग दुसऱ्या मार्गानेही फसवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातल्या गारुड्यांची, वादकांची कृष्णधवल चित्रे हाताने रंगवून पोस्टकार्डांवर विकली जात. रंगवणाऱ्याने तो माणूस पाहिलेला असेलच असे नाही. त्यामुळे त्या कार्डांवरचा रंग पुरावा म्हणून धरता येत नाही. आजची भडक केलेली डिजिटल चित्रे त्याच जातीची आहेत. जेजुरीच्या सोमवती अमावस्येची चित्रे पाहा. पिवळ्या धुरळ्याचे लोट असतात, पण त्यात दिमडीवर थाप देणारा वाघ्या शोधून सापडत नाही. रंग आहे, पण तो ज्याचा आहे तो माणूस गायब आहे. वासुदेवाच्या टोपीतला निळा-हिरवा तर रंगीत चित्रातही पुरता येत नाही. मोरपिसाची ती झळाळी पिसाच्या सूक्ष्म रचनेवर पडलेल्या प्रकाशातून निर्माण होते आणि पाहण्याचा कोन बदलला की बदलते. चित्रात तिची एकच अवस्था थिजते.

मैफल कृष्णधवल, रस्ता रंगीत

या वादात एक श्रेणीभेदही लपलेला आहे. रघु राय यांनी टिपलेली बिस्मिल्ला खाँ किंवा भीमसेन जोशी यांची गाजलेली चित्रे कृष्णधवल आहेत, आणि त्या चित्रांत साधना, चिंतन, गायकाचे अंतर्मुख होणे नेमके पकडले आहे. पण पुढे संकेतच तयार झाला. शास्त्रीय कलावंत कृष्णधवल, कारण तो 'आत' पाहतो. लोककलावंत रंगीत, कारण तो 'पाहण्यासारखा' आहे. रस्त्यावरचा वादक कृष्णधवल झालाच, तर तो गरिबीचे चित्र म्हणून. संबळ वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावरही लय मोजतानाची एकाग्रता असते. ती टिपण्यासाठी कोणी कृष्णधवल वापरल्याची उदाहरणे विरळा आहेत. असे चित्र काढले गेले, तर तेथे रंग गाळणे मी समर्थनीय मानेन, कारण ते वादकाला त्याच्या कलेच्या बाजूने पाहणे होईल.

यावरून निकष असे मांडता येतात. वेशातल्या रंगाला परंपरेने अर्थ दिला असेल तर तो ठेवावा आणि त्याची तीव्रता वाढवू नये. चित्राचा विषय हात, वाद्य आणि एकाग्रता असेल तर कृष्णधवल चालेल. पण केवळ म्हातारपण आणि दारिद्र्य गडद करण्यासाठी तो वापरू नये. आणि कोणत्याही पद्धतीत ऐकणारी माणसे, दार, रस्ता चौकटीत असावेत. कारण ऐकणाऱ्यावाचून वादकाचे चित्र अपुरे आहे. आत्जे आणि केर्तेश यांच्याकडून घ्यायचे ते हे.

जुन्या कृष्णधवल संग्रहांबाबत एक काम मात्र लगेच करण्यासारखे आहे. घराघरांत, गावच्या स्टुडिओंत, विद्यापीठांच्या लोकसाहित्य विभागांत वाघ्या, गोंधळी, वासुदेव, पोतराज यांची चित्रे पडून आहेत. अंगरखा कोणत्या रंगाचा होता, कपाळावर भंडारा होता की भस्म, हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे अजून आहेत. त्या चित्रांना आता संगणकावर अंदाजाने रंग भरण्याची टूम निघाली आहे. तो पोस्टकार्डवाल्यांचाच उद्योग पुन्हा होईल. त्यापेक्षा प्रत्येक चित्रामागे, सांगणाऱ्याच्या नावासह, दोन ओळींत रंगांची नोंद करावी. चित्र करडेच राहू द्यावे, पण राखेच्या त्या टिळ्याखाली 'हा भंडारा आहे' एवढे तरी लिहिलेले असावे.