उत्तर मिळालं, पण कशावरून?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आम्हाला काहींनी विचारलं, "तुम्ही एआयच्या बाजूनं बोलणार की विरोधात?" दोन्ही नाही. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. ज्या साधनासमोर आपण रोज आठ-आठ तास बसतो, त्याचीही व्हायला हवी. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं. तेव्हापासून कचेऱ्यांमधली एक सवय हळूहळू बदलत गेली आहे. आधी काही अडलं की आपण "गुगल करून बघ" म्हणायचो. आता "एआयला विचार" म्हणतो. या दोन वाक्यांत 'बघ' आणि 'विचार' एवढाच फरक दिसतो. तो फरक किती मोठा आहे, एवढंच आज बोलायचं आहे.

आमच्या ओळखीच्या एका राज्य सरकारी कार्यालयातली गोष्ट सांगतो. कार्यालयाचं नाव नको. तिथं एक ताई नव्यानं सहायक म्हणून रुजू झालेल्या. सहकारी महिलेचा बालसंगोपन रजेचा अर्ज आला, त्यावर टिपणी ठेवायची होती. त्यांनी मोबाईलवर सहाय्यकाला स्वच्छ मराठीत विचारलं, "सरकारी महिला कर्मचाऱ्याला बालसंगोपन रजा किती मिळते?" उत्तर तितक्याच स्वच्छ मराठीत आलं: संपूर्ण सेवेत ७३० दिवस, पहिल्या दोन अपत्यांसाठी, अपत्य १८ वर्षांचं होईपर्यंत. मुद्देसूद, क्रमांक घातलेलं. ताईंनी ते टिपणीत उतरवलं.

टिपणी शेजारच्या टेबलावर गेली. तिथले भाऊसाहेब निवृत्तीला आलेले. त्यांनी ७३० भोवती पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, "ताई, हे कशावरून?"

"एआयवरून, भाऊसाहेब."

"बरं. आणि एआयनं कशावरून?"

ताईंकडे याचं उत्तर नव्हतं. खरं म्हणजे ते त्या उत्तरातच नव्हतं.

आता ७३० हा आकडा खोटा आहे का? नाही. केंद्र सरकारच्या रजा नियमांत, १९७२ च्या नियमांच्या ४३-सी मध्ये, तो आहेच. पण ताई नोकरी करतात महाराष्ट्र शासनाची. इथं बालसंगोपन रजा आली ती २०१८ च्या शासन निर्णयानं, आणि ती १८० दिवसांची. म्हणजे उत्तर खरं होतं, पण दुसऱ्या कुणाचं. हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा, कारण एआयच्या चुका म्हटलं की आपल्याला विनोदी चुकाच आठवतात. २०२४ च्या मे महिन्यात गुगलच्या एआय सारांशानं पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून गोंद वापरायला सांगितलं, त्यावर जगभर हसून झालं. अशी चूक कचेरीत कुणाचं नुकसान करत नाही, ती लगेच दिसते. ७३० सारखी चूक दिसत नाही. ती टिपणीत जाते, टिपणीवर सही होते, आणि मग एका बाईची रजा, पगार, सेवापुस्तकातली नोंद तिच्यावर उभी राहते.

असं का होतं? भाषेचं हे यंत्र प्रचंड मजकुरावर तयार झालेलं असतं आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, यावर वाक्य रचत जातं. केंद्राच्या नियमांवर इंटरनेटवर इंग्रजीत ढीगभर मजकूर आहे. महाराष्ट्राच्या नियमांवर त्यामानानं थोडा. त्यात आपले अनेक जुने शासन निर्णय स्कॅन केलेले, किंवा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधले. माणसाला ते वाचता येतात, यंत्राला त्यातली अक्षरं धड लागत नाहीत. म्हणजे ज्या विषयावर मराठीत कमी लिहिलेलं आहे, त्या विषयावर सहाय्यक मराठीत बोलतो खरा, पण त्याच्या बोलण्यातला माल बहुधा दुसरीकडचा असतो. भाषा आपली आणि नियम परक्याचा. ऐकणाऱ्याला भाषा ओळखीची वाटते, म्हणून मजकूरही आपलाच वाटतो.

इथं कुणी म्हणेल, मग शोधयंत्र काय धुतल्या तांदळासारखं होतं का? अजिबात नव्हतं. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना त्यांनी गुगलच्या रचनेवर निबंध लिहिला. एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांच्या लिंक येतात, त्यावरून त्याचं वजन ठरवायचं, ही त्यातली मूळ कल्पना. त्याच निबंधात त्यांनी इशाराही दिला होता, की जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र वाचकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकेल. पुढं काय झालं ते आपण बघतोच. आज रजेचा नियम शोधायला जा, आधी प्रायोजित लिंका, मग एकमेकांची नक्कल केलेली 'संपूर्ण माहिती' देणारी पानं, आणि मूळ शासन निर्णय कुठंतरी खाली. लोक कंटाळून सहाय्यकाकडे वळले, त्यात त्यांचा दोष नाही.

शिवाय सहाय्यकाचा एक खरा गुण आहे, तो कबूल केला पाहिजे. शोधयंत्राला नेमका शब्द लागतो. 'अधिक्रमित' हा शब्द ज्याला माहीत नाही, त्यानं जुना निर्णय रद्द झाला की नाही हे शोधायचं कसं? सहाय्यकाला आपण आपल्या अर्धवट बोलीत विचारू शकतो, आणि तो योग्य शब्द हातात देतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यातलं चौथं. त्या सूत्राला हे साधन जागतं. प्रश्न एवढाच की वेळ कशातला वाचला? शोधण्यातला, की तपासण्यातला? शोधण्यातला वाचला तर आनंद आहे. तपासण्यातला वाचला, तर तो पुढं कुणाला तरी व्याजासकट भरावा लागतो.

शोधयंत्र आपल्यापुढं दहा साक्षीदार उभे करत असे. त्यातले चार खोटारडे असत, पण प्रत्येकाचं नाव-गाव दिसायचं: हे सरकारी संकेतस्थळ, हे वर्तमानपत्र, हा कुणाचा तरी ब्लॉग, ही तारीख जुनी. उलटतपासणी आपणच करायची. सहाय्यक साक्षीदार बोलावत नाही, तो थेट निकाल वाचून दाखवतो.

निकाल म्हटल्यावर न्यायालय आलंच. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात प्रवाशाच्या वकिलांनी अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले. ते चॅटजीपीटीनं रचलेले होते. न्यायालयानं ५,००० डॉलर दंड केला. आम्हाला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. निवाडे शोधणारे वकील नवखे नव्हते, तीस वर्षांहून अधिक अनुभवाचे होते. पण त्यांचं काम राज्य न्यायालयांतलं, आणि हा खटला फेडरल न्यायालयात गेलेला. म्हणजे अनुभव होता, या वाटेचा नव्हता. दुसरी गोष्ट, त्यांनी शंका घेतली होती. शंका घेऊन विचारलं कुणाला? त्याच यंत्राला. "हे निवाडे खरे आहेत ना?" यंत्र म्हणालं, हो.

हे अमेरिकेचं म्हणून सोडून देऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका कंपनीच्या प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला. त्या आदेशात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नसल्याचं निघालं. एआयच्या या काळात यंत्रानं दिलेल्या निष्कर्षांवर विसंबू नका, वापरण्याआधी ताडून पाहा, असं न्यायालयानं सांगितलं. भाऊसाहेबांनी पेन्सिलीनं जे केलं, तेच इथं उच्च न्यायालयाला करावं लागलं.

यावर नेहमीचा बचाव असा, की आता सहाय्यक उत्तराखाली लिंका देतात. देतात, मान्य. उघडतो कोण? प्यू रिसर्च सेंटरनं मार्च २०२५ मधला अमेरिकेतल्या ९०० जणांचा इंटरनेट वापर तपासला. गुगलच्या पानावर एआयचा सारांश नव्हता, तेव्हा १५ टक्के वेळा लोकांनी एखादी लिंक उघडली. सारांश होता तेव्हा ८ टक्के. आणि खुद्द सारांशातली लिंक उघडली ती फक्त १ टक्का वेळा. लिंक अशा वेळी दारावरच्या पाटीसारखी होते. पाटी आहे म्हणून घरात कुणीतरी असेल, असं आपण धरून चालतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भाऊसाहेबांना चूक दिसली, ती का? त्यांना १८० हा आकडा आठवत होता. तो आठवत होता, कारण तीस वर्षं त्यांनी फायली उपसल्या होत्या. एक निर्णय शोधताना दुसरे पाच वाचावे लागले, चुकीची फाईल उघडली, शिव्या खाल्ल्या, परत गेले. त्या भटकंतीतून त्यांच्या डोक्यात केंद्र कुठं संपतं आणि राज्य कुठं सुरू होतं, याचा नकाशा तयार झाला. म्हणून सहाय्यक त्यांच्या हातात दिला तर तो उपयोगी आहे. ते त्याच्याकडून मसुदा करून घेतील, आणि चुकलं तर पकडतील.

ताईंचं तसं नाही. त्यांना उत्तर माहीत नाही, म्हणून तर त्या विचारतात. आणि माहीत नाही, म्हणूनच चूक पकडू शकत नाहीत. म्हणजे हे साधन ज्याला सगळ्यात कमी लागतं त्याला ते सगळ्यात सुरक्षित, आणि ज्याला सगळ्यात जास्त लागतं त्याला सगळ्यात धोक्याचं. बहुतेक ठिकाणी आम्हाला मात्र उलटंच चित्र दिसतं. भाऊसाहेब त्याला हात लावत नाहीत आणि नवी मुलं त्याच्याशिवाय टिपणी लिहीत नाहीत. भाऊसाहेब निवृत्त होतील. त्यांच्या टेबलावर ताई येतील. त्या वेळी पेन्सिल कुणाच्या हातात असेल? ती भटकंती आपण वाया गेलेला वेळ म्हणून कापून टाकली, तर पुढचे भाऊसाहेब तयार कुठं होणार?

आपल्याकडे 'कशावरून' विचारण्याची चांगली परंपरा आहे. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश निघाला. त्यातली कुठलीही नोंद उघडा, शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, अनेक नोंदींखाली संदर्भग्रंथही असतात. चूक सापडली तर कुणाला पत्र लिहायचं ते कळतं. रुक्ष म्हणून ज्याला आपण हसतो, तो शासन निर्णयच घ्या. वर 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी, खाली राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने अधिकाऱ्याची सही, आणि तो संकेतस्थळावर सापडावा म्हणून संकेतांक. कागद स्वतःच सांगतो, मी कुठून आलो आणि माझी जबाबदारी कुणाची. सहाय्यकाच्या उत्तराला ना 'वाचा' असतं, ना सही. सही शेवटी आपलीच होते.

मग बंदी घालायची का? जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं कार्यालयीन संगणकांवर असली साधनं वापरू नयेत, अशी सूचना काढली. गोपनीय कागदांची काळजी रास्त आहे. पण मोबाईल खिशात असताना नुसत्या बंदीनं सवय जात नाही. केरळ उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण आखलं, ते आम्हाला जास्त समजूतदार वाटतं: मदत घ्या, पण निर्णय त्यावरून देऊ नका, आणि आलेलं तपासून घ्या.

आमचं म्हणणं त्याहून साधं आहे. सहाय्यकाला उत्तर विचारू नका, वाट विचारा. "रजा किती?" याऐवजी "महाराष्ट्र शासनाचा यावरचा निर्णय कोणता, तो कोणत्या शब्दांनी शोधू?" असं विचारा. मग मूळ कागद स्वतः उघडा. तो पुढं अधिक्रमित झाला का, बघा. टिपणीत आकड्याशेजारी निर्णयाची तारीख आणि संकेतांक लिहा. तो लिहिता येत नसेल, तर आकडाही लिहू नका. आणि वरिष्ठांना विनंती, की नव्या माणसाची टिपणी नुसती दुरुस्त करून पुढं पाठवू नका. गोल करा आणि परत द्या.

त्या भाऊसाहेबांनी तेच केलं. १८० हा आकडा त्यांनी सांगितला नाही. म्हणाले, "शोधा, सापडेल." ताईंना अख्खी दुपार लागली. वैतागल्याही. पण संध्याकाळी त्या २०१८ चा निर्णय छापून घेऊन आल्या, आणि त्याबरोबर आणखी एक कागद. शोधता शोधता अर्जात राहिलेली एक त्रुटी त्यांच्या लक्षात आली होती. ती त्यांना कुणी विचारली नव्हती.