भत्त्याचा विनोद

नया नगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक चाचा राहतात. मूळचे खेडचे. हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. एएन-३२ या वाहतूक विमानावर फ्लाइट इंजिनिअर होते. डोंगरांवरून केलेल्या उड्डाणांविषयी विचारले की दोन वाक्यांत आटपतात. टीए-डीएचा विषय निघाला की मात्र चहा दोनदा होतो. त्यांच्या मते वाहतूक विमानाला एक जुना आजार आहे. लेहला ते कधी बिघडत नाही, गोव्यात उतरले की हमखास बिघडते. मग सुटा भाग येईपर्यंत मुक्काम, आणि मुक्काम म्हणजे भत्ता.

असले विनोद करमणुकीच्या सदरात टाकून मोकळे होण्याची आपली सवय आहे. मला ती चुकीची वाटते. जेवणाचा आणि प्रवासाचा भत्ता हा विमानातल्या माणसांच्या विनोदाचा मध्यवर्ती विषय आहे, आणि तो केवळ पैशाच्या हावेतून आलेला नाही. आपले शरीर कुठे होते, किती वेळ होते, हे कागद ठरवतो. शरीर ठरवत नाही. विनोदाचे मूळ तिथे आहे.

केंद्र सरकारचे २०१७ चे दरच पाहा. दौऱ्यावरच्या जेवणाचे दिवसाला ५०० ते १,२०० रुपये, पदानुसार. म्हणजे भूकही हुद्द्याप्रमाणे लागते. मुख्यालयाबाहेर सहा तासांपर्यंत असाल तर ३० टक्के, बारा तासांपर्यंत ७० टक्के, त्यापुढे पूर्ण. दिवस मोजायचा मध्यरात्र ते मध्यरात्र. हा तक्ता मी चाचांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, आमचा पायलट वारा बघायचा, नेव्हिगेटर नकाशा, आणि आम्ही मागे बसून घड्याळ.”

या विनोदाचा सर्वांत काळा नमुना दुसऱ्या महायुद्धातला आहे. ब्रिटनमध्ये सामान्य नागरिकाला रेशनवर आठवड्याला साधारण एक अंडे मिळे. जर्मनीवर बॉम्ब टाकायला जाणाऱ्या वैमानिकांना मात्र मोहिमेच्या जेवणात अंडे असे. तिथे एकमेकांना सर्रास विचारत, तू परत आला नाहीस तर तुझे अंडे मी घेऊ का? बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख उड्डाण-सैनिकांपैकी ५५,५७३ मेले. हा आकडा माहीत असताना तो प्रश्न पुन्हा वाचावा. मरणाचे नाव कुणी घेत नाही. हिशेब फक्त ताटातल्या एका वाढीव जिनसाचा चालला आहे.

जोसेफ हेलर स्वतः कॉर्सिकातून बॉम्बफेकीच्या साठ मोहिमांवर गेला होता. १९६१ साली आलेल्या त्याच्या ‘कॅच-२२’ मध्ये हा बराकीतला विनोद साहित्य झाला. त्यातल्या डॉक्टर डॅनिकाला उडण्याची भीती वाटते, पण उड्डाण भत्ता हवा असतो. म्हणून तो मॅकवॉट या वैमानिकाच्या उड्डाणाच्या यादीत आपले नाव घालून घेतो आणि स्वतः जमिनीवर राहतो. एके दिवशी मॅकवॉट विमान डोंगरावर नेऊन आदळतो. यादीत डॉक्टर असल्यामुळे डॉक्टरही मेला. तो समोर उभा आहे, हा पुरावा कुणालाच पुरेसा वाटत नाही. उलट त्याच्या ‘मृत्यू’मुळे कर्नल इतरांच्या मोहिमांची संख्या आणखी वाढवतो. थोड्याशा भत्त्यासाठी केलेली लबाडी अशी उलटून अंगावर येते.

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचले तेव्हा ते कचेरीची टिंगल म्हणून वाचले. आता कारण कळते. आपल्या विनोदाचा नायक बहुतेकदा काउंटरच्या आत बसलेला असतो. ‘असा मी असामी’मधला धोंडो भिकाजी जोशी कारकून आहे, आणि आपण त्याच्या खुर्चीतून जग बघतो. त्याला भीती फार तर साहेबाच्या नाराजीची. त्यामुळे आपण कागदाला हसतो तेही मायेने. उडणाऱ्याच्या विनोदात कारकून पलीकडच्या बाजूला असतो, आणि त्याच्या वहीत चुकून पडलेली एक ओळ जिवावर बेतू शकते. ही दुसरी बाजू मराठी विनोदात फारशी आलेली नाही. आपल्याकडून हवाई दलात गेलेली माणसे कमी नाहीत. हृषीकेश मुळगावकरांसारखे हवाई दलप्रमुखही होऊन गेले. पण त्यांचा चेष्टेचा ऐवज मेसमध्येच राहिला, आणि तोही बहुधा इंग्रजी-हिंदीत.

हेलरविषयी माझी एक तक्रार आहे. डॅनिकाच्या बायकोला विम्याचे आणि निवृत्तिवेतनाचे पैसे इतके भराभर मिळत जातात, की शेवटी ती मुलांना घेऊन पत्ता न ठेवता निघून जाते. प्रहसनाला हा वेग लागतो, मान्य. पण तिथे हेलरने तिला स्वस्तात विकली. खरा कागद इतका चपळ नसतो. २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले एएन-३२ बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. यादीत २९ नावे होती. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांना मृत मानण्यात आले. चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल पाण्यात अवशेष सापडल्याचे जाहीर झाले ते जानेवारी २०२४ मध्ये. साडेसात वर्षे यादी एवढेच काय ते हाती होते.

डॅनिकाची गोष्ट मी चाचांना सांगितली. नाव घालून घेण्यापर्यंत ते मनापासून हसले. असला एक डॉक्टर आमच्याकडेही होता, म्हणाले. विमान आदळल्यावर हसणे थांबले. २०१६ च्या विमानात त्यांच्या ओळखीचे कुणी होते का, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. बशीतला उरलेला चहा पिऊन त्यांनी कप बाजूला ठेवला.

“डॉक्टर विमानात नव्हता, बरोबर?”

“नव्हता.”

“म्हणजे त्या महिन्याचा भत्ता जास्तीचा गेला. मग रिकव्हरी कुणाकडून केली?”