'पान लागणे' आणि 'सर्पदंश' : इजाप्रतिबंधाच्या भाषेविषयी काही विचार

१

इजाप्रतिबंधाच्या योजना लोकांच्या रूढी, समजुती व भाषा ध्यानी घेऊन आखल्या पाहिजेत, हे तत्त्व आता कोणी नाकारीत नाही. 'लोकसंस्कृतीला अनुसरणारा कार्यक्रम' हा शब्दप्रयोग अशा योजनांच्या मजकुरात सरसकट आढळतो. परंतु जे विशेषण सर्वत्र लावता येते त्याने कशाचेच वर्णन होत नाही. म्हणून ह्या तत्त्वाचा नेमका अर्थ काय, आणि तो प्रत्यक्षात किती उतरतो, हे एका ठरावीक क्षेत्रात तपासून पाहणे इष्ट होय. प्रस्तुत लेखात सर्पदंशाचे क्षेत्र घेतले आहे. लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही, भाषेचा आहे. तथापि ह्या प्रश्नाचा बराचसा भाग भाषेतच अडकलेला आहे, असे त्याचे मत आहे.

प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांनीच स्पष्ट होते. भारतातील मृत्यूंच्या एका विस्तृत पाहणीवरून २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. ह्यांपैकी बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील असून जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादीत केला, आणि भारत सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती-आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट ठरले आहे. ते ज्या शब्दांतून लोकांपर्यंत जावयाचे त्या शब्दांचा विचार मात्र अद्याप व्हावयाचा आहे.

२

कोकणातील एका आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर प्रस्तुत लेखकाने एक फलक पाहिला. त्यावर 'सर्पदंश झाल्यास बाधित अवयव अचल करावा' असे वाक्य होते. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी ते वाचून दाखविण्यास सांगितले आणि ऐकून विचारले, "अवयव म्हंजे काय वो?" हात किंवा पाय, असे सांगताच त्या म्हणाल्या, "मंग तसंच लिवायचं ना." ह्या उद्गारात भाषांतरमीमांसेचे एक संपूर्ण प्रकरण सामावलेले आहे. फलकावरचे वाक्य अशुद्ध नव्हते. ते मराठीही होते. पण ते कोणाला उद्देशून लिहिले होते, हे त्या वाक्यावरून कळत नव्हते.

मराठी खेड्यांतून सापाविषयी बोलण्याची एक स्वतंत्र रीत आहे. रात्री सापाचे नाव घेऊ नये, असा संकेत असल्यामुळे 'जनावर', 'लांबडं', 'किडूक' असे आडवळणाचे शब्द येतात. साप चावला असे न म्हणता 'पान लागले' असे म्हणतात. काळोखात बाहेर पडणाऱ्या मुलाला 'विंचूकाटा' किंवा 'सापकिरडू' असेल म्हणून बजावले जाते. ह्या जोडशब्दांत एका प्राण्याचा नव्हे, तर पायाखालच्या सगळ्या धोक्यांचा एक वर्गच सूचित होतो. इजाप्रतिबंधाच्या परिभाषेत ज्याला 'धोक्याचे वर्गीकरण' म्हणता येईल ते येथे आयतेच सिद्ध आहे. फलकाच्या भाषेने मात्र त्याची दखल घेतलेली नाही.

ह्याचा परिणाम केवळ शैलीपुरता राहत नाही. 'साप चावला का?' ह्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर येऊ शकते, आणि त्याच घरात 'पान लागलं' ही गोष्ट सर्वांना ठाऊक असू शकते. नोंदवहीतला प्रश्न ज्या शब्दात विचारला जातो, त्याच शब्दाच्या मापाने उत्तर मिळते.

३

मण्यारीचे उदाहरण ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. मण्यार रात्री हिंडते, घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. चावा पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही दिसेलच असे नाही. पहाटे माणूस पोटात कळ येते म्हणून जागा होतो. पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येईनासे होते, आणि शेवटी श्वास बंद पडतो. ह्या संपूर्ण घटनाक्रमात साप कोठेच दिसत नाही. मग घरातली माणसे त्याला कोणते नाव देतात? 'पोटदुखी' म्हटले तर ओवा दिला जातो. 'अंगावरून वारे गेले' म्हटले तर तेल चोळले जाते. 'बाहेरची बाधा' म्हटले तर भगताकडे नेले जाते. रोगी कोठे जाणार, हे घरात उच्चारलेल्या पहिल्या नामाने ठरते. येथे नामकरण हीच पहिली चिकित्सा असते, आणि ती चुकली तर पुढचे सर्व चुकते.

राजस्थानात 'पीवणा' नावाचा साप निजलेल्या माणसाचा श्वास पिऊन टाकतो, अशी समजूत आहे. ही समजूत मण्यारीच्या वर्गातील सापांवरून आली असावी, असे जाणकार मानतात. ती अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण तिच्यात निरीक्षण किती अचूक आहे पाहा: रात्रीची वेळ, निजलेला माणूस, जखमेचा अभाव आणि श्वासाचा लोप. कारणमीमांसा तेवढी चुकली आहे. संस्कृतीला अनुसरणे म्हणजे ह्या निरीक्षणाचा स्वीकार करून कारण बदलून देणे होय. 'पहाटे पोटात कळ आली आणि पापण्या मिटू लागल्या, तर खूण दिसो वा न दिसो, पान लागले असे समजा', हे एक वाक्य सर्पदंशावरील चार पानी पुस्तिकेहून अधिक जीव वाचवील.

४

आता एका आक्षेपाकडे वळू. 'ऊन लागले', 'ठेच लागली', 'नजर लागली', 'पान लागले' ह्या सर्व प्रयोगांत माणूस कर्ता नसून त्याच्यावर काहीतरी येऊन पडते. 'अपघात झाला' ह्यातही कर्ता नाही. तेव्हा मराठी भाषकाच्या मनात इजा ही दैवाधीनच असते, आणि म्हणून प्रतिबंधाची कल्पना त्याला परकी वाटते, असे अनुमान काही जण काढतात. हे अनुमान भाषाशास्त्रदृष्ट्या टिकणारे नाही. 'भूक लागली' हाही त्याच घडणीचा प्रयोग आहे. म्हणून मराठी माणूस भुकेला दैवाधीन मानून चूल पेटवावयाचा थांबत नाही. वाक्यरचनेवरून विश्वदृष्टी वाचण्याचा मोह अभ्यासकाने आवरला पाहिजे.

हा मोह आपल्याकडेच आहे असे नाही. 'अपघात' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दात अटळपणाची छटा आहे, ह्या कारणास्तव 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २००१ साली तो आपल्या पानांतून वर्ज्य केला. त्या मागची भूमिका विल्यम हॅडन ह्या अमेरिकन संशोधकाने बरीच आधी मांडली होती. इजा म्हणजे शरीराला न पेलणाऱ्या ऊर्जेशी आलेला संबंध, आणि तो संबंध तोडण्याच्या अनेक जागा असतात, हे त्याचे म्हणणे. १९७० साली त्याने अशा दहा उपायांची मांडणी केली. पण त्या मांडणीचे सामर्थ्य शब्द बदलण्यात नव्हते. लोकांना उपदेश करण्यापेक्षा मध्ये आड घालणे अधिक फलदायी, हे त्यातले खरे सूत्र आहे. मण्यारीच्या बाबतीत ही आड म्हणजे खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. मच्छरदाणीत निजणाऱ्यांना सर्पदंश कमी होतो, असे नेपाळातील एका अभ्यासात दिसून आले आहे.

तथापि एका क्रियापदाच्या जोडीकडे दुर्लक्ष करता येत नाही. मराठीत विष 'चढते' आणि 'उतरते'. जे चढते त्याला वाटेत अडविता येते, म्हणून दोरी करकचून बांधावयाची. जे चढले ते उतरविता येते, म्हणून मंत्र आणि कडुलिंबाचा पाला. भाषेने ही कृती निर्माण केली असे नव्हे, पण भाषा आणि कृती एकमेकींना आधार देतात. घट्ट बांधल्याने अवयवाचा रक्तप्रवाह तुटतो आणि हानी वाढते, हे सांगताना 'बांधू नका' एवढीच आज्ञा पुरत नाही. चढण्याच्या कल्पनेला हात घालावा लागतो. 'हलाल तर विष चढेल, स्थिर राहाल तर हळू चढेल' असे म्हटल्यास लोकांचेच क्रियापद वैद्यकाच्या बाजूने उभे राहते.

५

वैद्यकीय परिभाषेचेही असेच परीक्षण व्हावयास हवे. प्रथमोपचाराच्या भारतीय सूचना 'राइट' ह्या इंग्रजी आद्याक्षरी सूत्रात बांधल्या आहेत: धीर देणे, अवयव न हलविणे, रुग्णालयात नेणे, डॉक्टरांना लक्षणे सांगणे. इंग्रजीत हे सूत्र स्मरणसुलभ आहे. मराठीत उतरताच आद्याक्षरे गळतात आणि सूत्र उरत नाही. तरीही पत्रकांत ते तसेच छापले जाते. 'धीर द्या, हलवू नका, दवाखाना गाठा, सगळे सांगा' ही चार आज्ञार्थी क्रियापदे कोणत्याही आद्याक्षराविना लक्षात राहतात.

प्रतिसर्पविषाला वृत्तपत्रे 'सर्पदंशाची लस' म्हणतात. लस आधी टोचून घ्यावयाची असते, हा त्या शब्दाचा रूढ संकेत आहे. एकदा लस घेतली की पुढे भय नाही, असा समज ह्या नावाने होऊ शकतो. लोक 'सापाचं इंजेक्शन' म्हणतात. तो शब्द शास्त्रीय नसला तरी फसवा नाही, आणि परिभाषेची पहिली कसोटी हीच आहे.

६

'संस्कृतीला अनुसरणारे' कार्यक्रम दोन ठिकाणी फसतात, असे आतापर्यंतच्या विवेचनावरून दिसेल. एक, ते संस्कृतीला अलंकार समजतात: मजकूर शहरात तयार होतो आणि त्याला भारुडाची चाल व वारली चित्रांची चौकट लावली जाते. दोन, ते संस्कृतीला अडथळा समजतात: भगत, मंत्र आणि नागपंचमी ह्यांची यादी 'गैरसमज' ह्या शीर्षकाखाली दिली जाते. दोहोंतही लोक ऐकणारेच राहतात. बोलणारे कधीच होत नाहीत.

भगताविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. त्याच्या मंत्राने माणसे बरी होतात, हा लोकांचा अनुभव खोटा नाही. बहुसंख्य साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. जो वाचणारच होता तो मंत्राच्या नावे जमा होतो. हा हिशेब लोकांपुढे उघडपणे मांडला पाहिजे. अनुभव नाकारून तो मांडता येणार नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेने सर्पदंशाविषयी जे काम केले, त्यात आरोग्यसेवकांबरोबर भगत आणि साप पकडणारे ह्यांच्या समजुतीही विचारात घेतल्या, ही दिशा योग्य आहे. पण भगताचा मान राखणे म्हणजे त्याच्या हाती रोगी सोपविणे नव्हे. 'दवाखान्यात न्या' हे पहिले वाक्य त्याच्या तोंडून यावे, एवढीच अपेक्षा आहे, आणि ती लहान नाही.

नागपंचमीचेही तसेच. त्या दिवशी नांगरू नये, खणू नये, चिरू नये, हा आचार ऐन पावसाळ्यातला आहे. ह्या आचाराचा उगम प्रतिबंधात आहे, असे सिद्ध करता येत नाही, आणि करण्याचा अट्टहासही नको. पण साप आणि माणूस ह्यांची गाठ जमिनीत पडते, ही जाणीव त्या निषेधांत नांदते. ज्या दिवशी सारे गाव सापाविषयीच बोलत असते, तो दिवस प्रचाराच्या वेळापत्रकात नसावा, हे नियोजनाचे अपयश होय.

शेवटी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आग्नेय नेपाळातील काही गावांत सर्पदंश झालेल्यांना मोटारसायकलीवरून तात्काळ उपचारकेंद्रात नेण्याची व्यवस्था स्थानिक स्वयंसेवकांकडून करविली गेली, आणि तिला लोकशिक्षणाची जोड दिली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथील मृत्यूचे प्रमाण साडेदहा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आले. तेथे शब्दाच्या पाठोपाठ वाहन आले, आणि वाहनाच्या टोकाला औषध होते. ज्या दवाखान्यात प्रतिसर्पविष नाही, तेथे जाण्याचा उपदेश कितीही सुबोध मराठीत केला तरी तो प्रामाणिक ठरत नाही. लोक अशा दवाखान्याकडून एकदा परत आले की पुढच्या वेळी भगताकडे जातात. त्याला संस्कृती म्हणू नये, तो अनुभव आहे.

तेव्हा कार्यक्रम चालविणाऱ्यांना दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत. तुमच्या नोंदवहीत लोकांचे शब्द उतरतात काय? आणि लोकांनी तुमच्या वाक्यात दुरुस्ती सुचविली, तर ती करण्याची तुमच्याकडे सोय आहे काय? बाकावरच्या त्या बाईंनी दुरुस्ती सुचविली होती. पुढील पावसाळ्यात प्रस्तुत लेखक त्या केंद्रात पुन्हा गेला, तेव्हा फलक तोच होता.