स्वभाव आणि दुखणं

जुनी पोर्शे ९११ सकाळी गार असताना बाहेर काढावी, पहिल्यातून दुसऱ्यात जायला लागावं, तर गिअरचा दांडा वाटेतच थबकतो. नवख्याला वाटतं, गिअरबॉक्स गेला. मला मात्र या गाडीची निम्मी गोडी त्या थबकण्यातच वाटते. १९७२च्या मॉडेलपासून १९८६पर्यंत ९११ला जो गिअरबॉक्स बसत असे, त्याचा क्रमांक ९१५. त्याच्याविषयी तक्रारी पुष्कळ. त्यांतल्या काही दुखण्याच्या असतात, काही निव्वळ स्वभावाच्या. आणि स्वभावाला औषध नसतं.

हा स्वभाव येतो पोर्शेच्या स्वतःच्या सिंक्रोतून, म्हणजे गिअरचे वेग जुळवणाऱ्या यंत्रणेतून. त्यातली रिंग अखंड नसते, एका जागी चिरलेली असते आणि तिच्यावर मॉलिब्डेनमचा लेप असतो. गिअरचे वेग जुळलेले नसतील तर आतल्या पट्ट्या रिंगला बाहेर ताणून धरतात आणि सरकत येणाऱ्या स्लीव्हची वाट अडवतात. वेग जुळले की तो ताण आपसूक ओसरतो, रिंग मिटते, स्लीव्ह तिच्यावरून पुढे जाते. म्हणून इथे मनगटाचा जोर कामाचा नाही. न्यूट्रलमध्ये क्षणभर रेंगाळावं, दोन बोटांनी दांडा दुसऱ्याकडे नुसता टेकवून धरावा. आधी हाताला एक मऊ विरोध जाणवतो, मग तो विरघळतो आणि गिअर दांड्याला स्वतःच आत ओढून घेतो. ‘हं, आता ये’ असं कुणी म्हणावं तसं. १९८७मध्ये आलेला गेट्रागचा जी-५० गिअरबॉक्स निःसंशय सोपा आहे, पण ही परवानगी मागण्यातली नजाकत त्यात नाही.

आता दुखणं. गाडी उभी, इंजिन चालू. क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावं आणि रिव्हर्स टाकावा. रिव्हर्सला सिंक्रो नाही, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. एवढं थांबूनही तो खरखरला तर क्लच पुरता सुटत नाही, हे नक्की. हा क्लच केबलवर चालतो. केबलचा ताण, पेडलचे झिजलेले बुश, पेडलखाली दुमडलेला गालिचा, हे सगळं आधी पाहावं. एवढं न पाहता गिअरबॉक्स उतरवणं मला क्रूरपणा वाटतो.

दांडा खिळखिळा असेल, तिसरा शोधताना हात भलतीकडेच जात असेल, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या बाहेर असतो. इंजिन मागे, त्याच्या पुढे गिअरबॉक्स, त्याच्याही पुढे आपण. मधला निरोप एक लांब सळई पोचवते. तिच्या जोडातले प्लॅस्टिकचे बुश वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्या-हिवाळ्यांत भुगा होतात. मागच्या सीटांमधलं झाकण उघडलं की जोड हाताशी येतो. तिथला निमुळता स्क्रू सैल झाला असेल तरी सगळा निरोप अस्पष्ट पोचतो.

उभ्या गाडीत दुसरा निमूट बसतो आणि पळत्या गाडीत वाजतो, तेव्हा मात्र कान टवकारावे. तिसऱ्यातून खाली येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडावा, ॲक्सिलरेटरला हलकी थाप द्यावी, पुन्हा क्लच दाबून दुसरा टाकावा. आता तो आवाज न करता गेला, तर रिंग झिजली आहे. तिचं काम तुम्ही पायाने केलंत. आणि ॲक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप सुटत असेल, तर दातांच्या कडा गोल झाल्याचा संशय धरावा. मग गिअरबॉक्स उघडायलाच हवा.

बुश नवे घालावेत, केबल नीट ताणावी, ऑइल बदलावं. मग पुन्हा एका गार सकाळी दुसरा टाकून पाहावा. दांडा तेव्हाही क्षणभर थबकला आणि आवाज न करता आत गेला, तर पाना खाली ठेवावा.